खर्ज भाड्याने मिळत नाही

आपल्या भाषेत खर्ज नावाचा एक भारदस्त शब्द आहे. षड्ज या स्वराचे, लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेले, हे रूप. गवई पहाटे उठून खर्ज भरतो. तंबोऱ्याची चौथी, सगळ्यांत जाड तार खर्जाची असते. आणि घरातला एखादा वडीलधारा हळू पण ठाम बोलू लागला की आपण म्हणतो, काय खर्जातला आवाज आहे! आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या लग्नाच्या बैठकीत मात्र हा शब्द आता ऐकू येत नाही. त्याच्या जागी 'बेस' येऊन बसला आहे.

शब्द परका म्हणून माझी तक्रार नाही. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला आणि बघता बघता आपल्या उपवासालाही चालू लागला. माझी तक्रार अर्थाबद्दल आहे. दोन्हीकडचे व्याही बसले आहेत, मधे चहा आहे, आणि डीजेवाला भाव सांगतो आहे. वरपिता विचारतो, "बेस कसा आहे?" डीजेवाला सांगतो, "शेठ, खिडक्यांच्या काचा हलतील." झाले, सौदा पक्का! काचा हलण्यात विवाहाचे कोणते मंगल साधते, हे त्या बैठकीत कोणी विचारत नाही.

दिवाळी अंकात असले कडू बोल कशाला, असे कोणी वाचक म्हणेल. पण अनेक घरी नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावतात आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळतात. शिवाय दिवाळी सरली की तुळशीचे लग्न, आणि ते लागले की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू. बोलायचे ते आत्ताच बोलले पाहिजे. मांडवात बोललो तर ऐकू येणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. खर्ज भाड्याने मिळत नाही. भाड्याने मिळतात त्या पेट्या. खर्ज माणसाच्या हातात असतो आणि तो हात आठवणीवर चालतो. आपण पेट्यांना मोजून भाडे देतो आणि हाताला उपाशी ठेवतो. वर पुन्हा 'आपली संस्कृती लोप पावत चालली हो' म्हणून उसासे टाकतो. हे ढोंग आहे, आणि त्याला ढोंगच म्हटले पाहिजे.

खालच्या आवाजाला विसरण्याची ही खोड आजची नाही. तबल्याचेच पाहा. वाद्ये दोन, उजव्या हाताचा तबला आणि डाव्या हाताचा डग्गा. घुमारा सगळा डग्ग्याचा. पण जोडीला नाव मिळाले ते एकट्या तबल्याचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा लावतात, तेव्हा कुठे तो गंभीर बोलतो. आपल्या स्वयंपाकघरातली तीच कणीक. पण कीर्तनाला डोलणाऱ्यांपैकी किती जणांना तिची आठवण होते? मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर कितीदा तुम्ही वाचले आहे? जो वर चमकतो त्याचे नाव, जो खाली धरून ठेवतो तो बेनाव, असा आपला जुना न्याय आहे. घरातही हाच न्याय चालतो. पण त्याबद्दल आमच्या भगिनींनी लिहावे, त्यांचा अधिकार मोठा आहे.

आता थोडे शास्त्र सांगतो. मास्तराला तेवढी मुभा द्या. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ५० कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. एवढी लांब लाट झाडाला आणि भिंतीला वळसा घालून पुढे जाते; बारीक आवाज मात्र हवा आणि पाने वाटेतच पिऊन टाकतात. म्हणूनच डोंगराआडून येणाऱ्या मिरवणुकीतला ढोल आधी ऐकू येतो, आणि बासरी कानावर पडते ती मंडळी जवळ आल्यावर.

सातपुड्यातल्या माणसाने हे पुस्तकातून वाचलेले नाही. त्याने त्यावर आपले जगणे बसवले. धडगाव, मोलगीकडची गावे आपल्या सपाटीवरच्या गावांसारखी एका जागी दाटीने बसलेली नसतात. या टेकडीवर चार घरे, त्या टेकडीवर सहा, मधे नाला. असे पाडे मिळून एक गाव होते. अशा गावाला एकत्र बांधायला लांब जाणारा आवाज लागतो. भिल्ल आणि पावरा मंडळींचा तो थोरला ढोल त्यासाठी आहे. लाकडाचे पोकळ अंग, दोन्ही तोंडांना कातडे. हवा दमट झाली की कातडे सैल पडते, मग त्याला विस्तवाची ऊब दाखवायची. लग्नाचा ठेका निराळा, होळीचा निराळा, मरणाचा निराळा. पलीकडच्या पाड्यावर उभा असलेला माणस तो ऐकतो आणि आनंदाला जायचे की दुःखाला, हे ओळखून निघतो.

होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगावचा भोंगऱ्या बाजार पाहा. पाड्यापाड्यांतून ढोल उतरतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या जुन्या मेहवासी संस्थानच्या गावी राजवाडी होळी होते, ती पाहायला दूरदूरचे लोक येतात. उंचच उंच बांबू उभारतात, त्याचा खड्डा हातांनी उकरतात. रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे होळी पेटते. कमरेला भोपळे बांधलेले बुध्या आणि बावा नाचतात. त्यांनी आधी काही दिवस व्रत पाळलेले असते, त्याला पालनी म्हणतात. वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते मोरपिसांच्या टोपाचे. ढोलवाला छायाचित्राच्या कडेला अर्धा कापलेला असतो. पण तो ढोल एक घटका थांबवून पाहा, म्हणजे ते टोप नाचतात कोणाच्या जिवावर, ते कळेल.

हे सारे ठेके कोणत्याही वहीत लिहिलेले नाहीत. ते बापाच्या हातातून पोराच्या हातात जातात. आणि हाताला आठवण राहते ती वाजवल्याने, आदराने खुंटीला टांगून ठेवल्याने नव्हे. एका पिढीला वाजवायला मिळाले नाही की दुसऱ्या पिढीकडे ढोल उरतो, ठेका उरत नाही.

याचा एक धक्का आमच्या जिल्ह्याने सोसला आहे. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ साली आला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांच्या जमिनी गेल्या. मणिबेलीची कित्येक कुटुंबे गुजरातेत परवेट्याला नेली गेली. इतर गावांतली कोणी तळोद्याकडे सोमावलला आली, कोणी रोझव्याला. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत चढली आणि २०१७ साली त्याचा लोकार्पण सोहळाही झाला. नुकसानीच्या कागदावर जमीन मांडली, घर मांडले, झाडे मांडली. एका पाड्याचा ढोल दुसऱ्या पाड्यावर ऐकू जात होता, त्याला कागदावर रकाना नव्हता. पाडे फुटले, अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे; आणि कितीही मोठा ढोल बडवला तरी सोमावलचा आवाज परवेट्याला पोचत नाही. तरीही या माणसांनी ढोल बरोबर आणले. घर सोडताना जे उचलले त्यात ढोल होता, एवढे ध्यानात ठेवा. आता उरलेले काम आपण पुरे करतो आहोत, तेही वाजत गाजत, लग्नाच्या मांडवात!

मी जुन्याचा आंधळा भक्त आहे, असे मात्र कोणी समजू नये. नवापूरकडे, आणि सीमेपलीकडच्या सोनगड, व्यारा भागात, वरातीपुढे आदिवासी तरुणांचे बँड चालतात. गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार असे सगळे नवे साहित्य असते आणि कोपऱ्यात चार जाड तारांची बेस गिटार घेतलेला एक पोरगा असतो. हे वाद्य परदेशी आहे. लिओ फेंडर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९५१ साली त्याचा पहिला गाजलेला नमुना बाजारात आणला. त्याआधी तिकडचे वादक माणसाएवढ्या उंचीचे डबल बेस उभ्याने वाजवीत आणि ते धूड गावोगाव वाहून नेत. गंमत अशी की फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वाजवणाऱ्याच्या खांद्याचे दुःख त्याला कळले. आपल्याला वाजवता येत नसले तरी वाजवणाऱ्याचे दुःख कळू शकते, याचा हा चांगला पुरावा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अशा बँडमध्ये बेस वाजवतो. लग्नसराईत रात्र रात्र गाडीवर असतो. खांद्याला पट्ट्याचा वळ, बोटांना घट्टे. तारा महाग, म्हणून जुन्या झालेल्या तारा तो पातेल्यात पाणी उकळून त्यात घालतो. मळ सुटतो आणि त्या पुन्हा काही दिवस बोलू लागतात. "आई चहाचे पातेले देत नाही म्हणून भांडण होते," असे तो हसत सांगतो. त्याचा आजा ढोल वाजवायचा. पोराला नोटेशन येत नाही. गाण्याचे नाव विचारले तर तो गोंधळतो. पण "अमक्याच्या घरी लग्नात पाऊस आला होता तेव्हाचे" म्हटले की बोटे आपोआप जागेवर पडतात. आजाचा होळीचा ठेका तो त्या जाड तारेवर वाजवून दाखवतो, आणि मान डोलावतो तीही आजासारखीच.

मी त्याला एकदा विचारले, "एवढ्या गोंगाटात तुझा आवाज कोणाला ऐकू येतो का रे?"

तो म्हणाला, "ऐकू नाही येत, गुरुजी. पण मी थांबलो की नाचणारे मागे वळून बघतात."

हा मुलगा माझ्या मते आजाचा खरा वारस आहे. ढोल सोडून गिटार घेतली म्हणून त्याने परंपरा मोडली, असे म्हणणाऱ्या पंडितांना मी त्याच्या गाडीवर एक रात्र बसवीन. वाद्य बदलले, हात तोच राहिला. समोरची म्हातारी दमली की तो लय किंचित सैल करतो. पोरे रंगात आली की आवळतो. त्याला समोरचे लोक दिसतात. पेटीला कोण दिसते?

आता त्या पेट्यांकडे या. ट्रकवर माणसाच्या दुप्पट उंचीची भिंत रचलेली असते आणि तिच्यातून जे बाहेर पडते त्याला बेस म्हणतात. नंदुरबारच्या लग्नात जो धडधडाट, तोच नाशिकच्या मिरवणुकीत, तोच सुरतेच्या वाढदिवसाला. त्याला घर माहीत नाही, नवरी माहीत नाही, शेजारी कोणी आजारी आहे हे माहीत नाही. तज्ज्ञ सांगतात की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तासांपर्यंत सोसावा आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा करावा. हिशेब मांडा, १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. वरात किती वेळ चालते, हे तुम्हीच सांगा. सन २००० च्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ते पुन्हा बजावले. आपण शिकलेले लोक ते नियम वाचतो, आणि वरातीच्या रात्री विसरतो.

पेट्या लावणाऱ्या पोराशी माझे भांडण नाही. त्यालाही पोट आहे, कर्जाचे हप्ते आहेत. माझे भांडण पाकिटातून नोटा काढणाऱ्याशी आहे. तो गृहस्थ डीजेला हजारोंनी आगाऊ रक्कम देतो. दारात ढोलवाला आला तर मात्र त्याला भाजीच्या जुडीसारखी घासाघीस आठवते. "दोन तासच वाजवायचे आहे ना? मग एवढे कशाला?" अहो, दोन तास वाजवायला दोन पिढ्या लागल्या आहेत!

आणि त्याहून मोठा अपराध आपल्या सभा-समारंभांचा. पाहुणे येणार म्हटले की ढोलपथक बोलवायचे. उन्हात दोन तास उभे करायचे. मोटार आली की "वाजवा, वाजवा!" पाहुणे पायऱ्या चढले की हात वर करून "बस, बस!" ठेका अजून रंगायचाच असतो आणि तो मधेच तोडतात. मग व्यासपीठावरून 'आदिवासी संस्कृतीचा अनमोल ठेवा' यावर अर्धा तास भाषण होते. ते संपेपर्यंत तो ठेवा मंडपामागे जमिनीवर बसून जेवणाची पाळी कधी येते याची वाट पाहत असतो. ढोलाला आपण तोरण समजतो. कार्यक्रम सुरू होईपर्यंत टांगायचे आणि नंतर काढून टाकायचे.

यावर उत्तरे तयार असतात. ती मला पाठ आहेत.

पहिले उत्तर, "ढोलही मोठाच वाजतो." वाजतो, आणि नियम त्यालाही लागू असावेत, याबद्दल वाद नाही. पण ढोल वाजवणाऱ्याचा हात दुखतो. माणसाच्या हाताला थकवा येतो हीच त्याच्या आवाजाची मर्यादा आणि हीच त्याची सभ्यता. पेटीला थकवा नाही, म्हणून तिला लाजही नाही.

दुसरे उत्तर, "डोंगरातही आता डीजे पोचला, आदिवासींनाच तो हवा आहे, तुम्ही कोण अडवणारे?" प्रश्न रास्त आहे. त्यांनी जन्मभर ढोल वाजवून आमची करमणूक करावी, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाच नाही. पण ही गोष्ट त्यांनाही सलते आहे. शेजारच्या झाबुआ, अलिराजपूरकडे आदिवासी समाजातल्याच मंडळींनी दारू, दहेज आणि डीजे अशा तीन गोष्टींविरुद्ध मोहीम काढली आहे. लग्नाच्या खर्चाने घर कर्जात बुडते, हे त्यांनी ओळखले. आणि हा डीजे डोंगरात पोचला कोठून? आपल्याच सपाटीवरच्या शहरांतून. मोठ्या माणसांची लग्ने अशी होतात हे आपण दाखवून दिले. त्यांनी ते पाहिले. शाळेतली मुले मास्तराचे अक्षर गिरवतात, तसलाच हा प्रकार.

तिसरे उत्तर सर्वांत लाडके, "वाजवणारे आता मिळतात कुठे?" विहिरीत पोहरा सोडायचा नाही आणि पाणी आटले म्हणून रडायचे, त्यातली ही गत. त्यांना बोलावले असते, मोबदला दिला असता, तर मिळाले असते. अजूनही मिळतील. होळीला त्या बाजारात जाऊन पाहा किती मिळतात ते.

केवळ तक्रार करून उठणे मास्तराला शोभत नाही. गृहपाठ दिला पाहिजे. तर यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझ्या तीन विनंत्या. एक, डीजेसाठी जी रक्कम बाजूला ठेवली असेल तिच्यातून वाजवणारी माणसे बोलवा. ढोलवाले बोलवा, बँडवाले बोलवा, सनईवाले बोलवा, आपापल्या आवडीप्रमाणे. पण हाताने वाजवणारे बोलवा, आणि ठरलेली रक्कम विदाई होण्याआधी त्यांच्या हाती ठेवा. दोन, त्यांना पाहुण्यांच्या पंगतीत जेवायला बसवा. तीन, लग्नपत्रिकेवर त्यांची नावे छापा.

हसू नका. आपल्या पत्रिकेवर काय काय छापत नाही आपण? दिवंगत पणजोबांपासून कार्यवाहक मंडळापर्यंत, आणि शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या दीड वर्षाच्या बाळापर्यंत सगळ्यांना तेथे जागा असते. त्या बाळाच्या ओळीखाली आणखी एक ओळ सहज मावेल. वाद्यवृंद, आणि पुढे माणसांची नावे. गाव आणि पाडा यांसकट. ढोलावर कोण, बासरीवर कोण, बेसवर कोण.

नाव छापायचे म्हणजे आधी नाव विचारावे लागेल. नाव विचारले की गाव विचाराल, गाव विचारले की हा ठेका कोणाकडून शिकलास हेही विचाराल. मग तो आपल्या आजाचे नाव सांगेल. तुमच्या मांडवात त्या नावाचा उच्चार व्हावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

दिवाळी सुखाची जावो. तुळशीचे लग्न लागले की पत्रिका छापायला टाकाल, तेव्हा ती ओळ विसरू नका.